नळीच्या मागं

डोंगरकड्याजवळच्या एका टेकडीच्या माथ्यावर हवेतली धूळ मोजायचं यंत्र बसवलं होतं. त्याची हवा ओढणारी नळी भारी हळवी. वारा येतो त्या बाजूला माणूस नुसता उभा राहिला, तरी त्याच्या कपड्यांची धूळ आत जायची आणि खोलीतल्या पडद्यावरचा आकडा टुणकन चढायचा. म्हणून यंत्र सांभाळणारी करुणा आल्यागेल्याला आधी एकच सांगायची, "नळीच्या मागं उभं राहा."

हल्ली मात्र दुपार कलली, की आकडा आपोआप चढू लागला होता. माणूस उभा राहिल्यावर चढतो, बरोबर तितकाच.

"ताई, आज बी कुनीतरी येऊन उभं राहिलं बघा," पडद्याकडं पाहत राखणदार कोंडीबामामा म्हणाले.

करुणा बाहेर आली आणि नेमाप्रमाणे नळीच्या मागं जाऊन थांबली. समोर मोकळा खडक, वाळलेलं कुसळी गवत. चिटपाखरू नव्हतं.

"कोन हाय?" मामांनी खिडकीतून विचारलं.

"कुनीच न्हाई, मामा."

"मंग आकडा काहून उतरून न्हाई राहिला?"

तिला हसू आलं. गावातून यंत्र बघायला येणाऱ्यांना सांगावं, तशी सवयीनं ती त्या रिकाम्या खडकाला म्हणाली, "तिथं न्हाई, दादा. इकडं या, नळीच्या मागं."

वारा तसाच संथ वाहत होता.

"उतरला!" मामा खुशीत ओरडले. "उतरला बघा, ताई!"

करुणा हसतच मागं वळणार होती. तेवढ्यात आपण कुठं उभ्या आहोत, ते तिच्या ध्यानात आलं. आणि ती वळली नाही.