गाडी रेस घेत नाही

"मा, तिले सांग, रेस दाब!"

सोमाजीनं बॉनेटखालून आवाज दिला. ओसरीवर लाखोळीची डाळ पाखडत बसलेल्या ललिताबाईंनी सूप थांबवलं आणि मान वळवली.

"रेस दाब म्हन्ते वो, रुचिका."

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या रुचिकानं पाय दाबला. इंजिन आपलं फटफट फटफट, एका चालीत. वाढायचं नाव नाही.

"दाबलं, आत्याबाई."

"दाबलं म्हन्ते रे!"

आता सोमाजी आणि रुचिका यांच्यात अंतर किती, तर मारुतीच्या एका बॉनेटचं. पण सोमाजी पडला भासरा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्यापुढं खाटेवर बसायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. लग्नाला चार वर्षं झाली, दोघांत एक शब्द झाला नव्हता. तो खाकरला की ती पदर सावरून आत. ती अंगणात आली की हा गोठ्यात जाऊन उगाच म्हशीची विचारपूस करायचा. जे काय सांगायचं ते त्याची आई आणि तिची सासू, ललिताबाई, यांच्यामार्फत.

एरवी ते निभून जायचं. आज मात्र घोडं इथंच पेंड खात होतं. बारा वाजता भंडाऱ्याला रुचिकाचा पेपर. अंगणवाडी सेविकेची मुख्यसेविका व्हायची परीक्षा. जागा पाच वर्षांनी निघाल्या होत्या, पुन्हा कधी निघतील देव जाणे. सहा महिने तिनं चुलीपुढं बसून पाठांतर केलं होतं. आणि सकाळची एसटी आलीच नाही. नवरा भुपेंद्र नागपुरात नोकरीवर, जाऊ माहेरी. उरला भासरा आणि त्याची जुनी मारुती. ती सुरू होत होती, पण रेस घेत नव्हती. नऊ वाजून गेले होते, आणि आंबागडाहून भंडारा म्हणजे दीड तास तरी धरायचा.

सोमाजीनं पेट्रोलची नळी काढून फुंकली. प्लग पुसले. हवेचा फिल्टर काढून झटकला. दर वेळी "मा, तिले सांग" आणि दर वेळी तीच फटफट.

"मा, तिले सांग, बंद कर," तो शेवटी म्हणाला. "कारबोरेटर जाम झालं. खोलाच लागते."

 पायाखालचं पायडल अगदी ढिलं, त्याला काही जीवच नाही, हे रुचिकाला या शेवटच्या दाबाला कळलं होतं. लाखनीला तिच्या बापाचं सायकलचं दुकान. वायर सुटलेला ब्रेक हाताला कसा लागतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. किल्ली बंद करून तिनं खाली वाकून पाहिलं. वायरच्या टोकाची गोळी पायडलच्या खाचेतून निसटून लोंबत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! रोग पायाशी, आणि भासरा निघाला डोकं उघडायला. कारबोरेटर एकदा खोललं की दुपारच्या आत काही बसत नाही.

"आत्याबाई, त्याईले सांगा..." ती वळली, तर ओसरी रिकामी. परसात वाळत घातलेल्या धानावर कोंबड्या तुटून पडल्या होत्या आणि ललिताबाई काठी घेऊन त्यांच्यामागं पळत होत्या.

पहिला स्क्रू निघाला. रुचिकानं पुन्हा हाक मारली, जोरात मारली. कोंबड्यांच्या कलकलाटात ती कोण ऐकतंय! दुसऱ्या स्क्रूवर पेचकस टेकला आणि तिला राहवलं नाही.

"भाऊजी, खोलू नका! वायर इथं निसटली हाये, पायाजवळ!"

बॉनेटवर डोकं आपटल्याचा आवाज आला.  सोमाजीनं सवयीनं ओसरीकडं पाहिलं. निरोप न्यायला कोणी नव्हतं. तो खाकरला, पुन्हा खाकरला. चाळिशी उलटलेला बाप्या, पण तोंड कविता विसरलेल्या पोरासारखं झालं होतं.

"कोनतं टोक?" शेवटी तो इंजिनालाच विचारल्यासारखा म्हणाला.

"पायडलचं. खाच फाकली हाये. पक्कड द्या, अन् जराशी तार."

त्यानं पक्कड जमिनीवर ठेवली आणि पुढं सरकवली. तिनं ती उचलून गोळी खाचेत बसवली, खाच दाबून घट्ट केली. तारेच्या वेळी मात्र तो विसरला. सरळ तिच्या हातात दिली. तिनंही घेतली, दोन वेढे मारले आणि टोक पिळलं.

"पाहा बरं तिकडं, हालून राहिलं का?"

"हाललं! हाललं वो! थांब, हा स्क्रू लावू दे मले... हं, कर सुरू! दाब!"

मारुती अशी गरजली की शेजारचा कुत्रा भुंकत सुटला. दोघंही हसले. रुचिकाला तर पेपर आधीच सुटल्यासारखं वाटलं. पदर डोक्यावरून केव्हाच घसरला होता, तिला पत्ता नव्हता.

मग दोघांचंही लक्ष गेलं. ललिताबाई काठी टेकून परसाच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. रुचिकानं झटकन पदर घेतला. सोमाजी चाकातली हवा पाहू लागला.

"पेपर बुडवता का आता?" ललिताबाई म्हणाल्या. "निंगा ना!"

रुचिका मागच्या सीटवर गेली. सोमाजी स्टिअरिंगवर बसला, पण त्याचा पाय काही रेसवर पडेना. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"मा, चुकलं. घाई होती म्हनून बोललो. नाही तं तुह्या जिवाले लागंल, म्हनून चार वर्सं मी तोंड नाही उघडलं."

"मीबी त्याच्याचसाठी, आत्याबाई," मागून रुचिका म्हणाली.

ललिताबाईंच्या हातातली काठी खाली पडली.

"बाप्पा बाप्पा! माह्यासाठी? अन् मी इकडं म्हातारपनी निरोप वाहून वाहून मेली, का तुमालेच एकमेकाईशी बोलनं आवडत नाही म्हनून!"