लाल दोऱ्याचा कोपरा

ते साल एकोणीसशे छत्तीस. जयवंताला इंग्रजीतले बाकीचे सगळे काळ यायला लागले होते, भविष्यकाळाशी मात्र गाडी अडली होती.

उषाबाई जालन्यात मुलींच्या शाळेत शिकवत. शाळा सुटल्यावर त्यांच्या ओसरीवर जयवंता येई. भोकरदनकडची धनगराची लेक, विशीतली विधवा. दिरांनी तिचा पाट एका म्हाताऱ्याशी लावायचं ठरवलं होतं. हैद्राबादला नर्सिंगच्या शाळेत नाव लागलं तरच सुटका. त्यासाठी इंग्रजी हवं होतं, आणि एखाद्या शिकलेल्या बाईचं शिफारसपत्र.

पहिल्याच दिवशी ती भिंतीवरच्या फोटोसमोर थबकली होती. पदर पुढे ओढून म्हणाली, "हे कोण, बाई?"

"आमचे रामराव. कापसाच्या कामाला वडीगोद्रीकडे गेले, त्याला दोन वर्षं झाली. येतील."

जयवंतानं पुन्हा त्या भिंतीकडे मान वर केली नाही.

उषाबाईंना एकच गोष्ट खुपत होती. घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो. रामराव त्या दिवशी घाईत 'जातो' म्हणाले होते. तेव्हापासून उषाबाई कपाळाला ठसठशीत कुंकू लावत, दोन माणसांचा स्वयंपाक करत आणि दारात चाहूल लागली की हातातलं टाकून उठत.

तर भविष्यकाळ. जयवंता वही पुढ्यात घेऊन नुसती बसून राही.

"अगं, सोपं तर आहे. विल लावायचं. अडलंय कुठं?"

"आमच्या घरी पुढचं बोलत न्हाईत, बाई. तो मान बाबाचा. जत्रेत अंगात आलं का बाबा भाकणूक सांगतो. पाऊसपाणी, रोगराई, समदं. दुसऱ्या कुणी उद्याचं तोंडातून काढलं तर ते होऊन बसतं."

उषाबाईंना हसू आवरेना. "मग इंग्रजीत लिही की! तुझ्या बाबाच्या देवाला कुठं इंग्रजी येतं?"

जयवंता हसली नाही. दोन ओळी लिहून, वही तिथंच ठेवून निघून गेली. 'द रोप विल ब्रेक. अ गेस्ट विल कम फ्रॉम वाटूर.'

संध्याकाळी आडाचा दोर तुटला आणि घागर तळाला गेली. सकाळी वाटूरचे चुलतसासरे दारात उभे होते.

उषाबाईंनी चार दिवस वहीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी शिफारसपत्र लिहिलं, सही केली आणि जयवंता आल्यावर ते मुठीत धरून बसल्या.

"लिही. रामराव विल कम होम ऑन फ्रायडे."

जयवंताचं तोंड उतरलं. "ते नका लिहायला लावू, बाई. पाया पडते."

"उद्या तुझी गाडी आहे. पत्र पाहिजे का नको?"

तिनं लिहिलं. तिचं मोत्यासारखं अक्षर त्या ओळीत गिचमिड आलं. पत्र घेऊन ती उंबरा ओलांडून गेली, ती मागं न बघता.

शुक्रवारी दिवेलागणीला रामराव आले. अंगावर काळी घोंगडी, तिच्या एका कोपऱ्याला लाल दोऱ्याची शिवण. "आलो," एवढंच बोलले.

"इतके दिवस होतात कुठं?"

"आठवत नाही."

"आणि ही घोंगडी कुणाची?"

"घातली कुणीतरी."

उषाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. माणूस घरी आला होता.

संसार सुरू झाला. रामराव ओसरीवर बसून असत. बोलणं कमी. भर वैशाखात घोंगडी अंगावरून उतरत नसे. हात गार लागत, पण उषाबाई म्हणत, परगावचं पाणी बाधलं असेल. अंगणातलं कुत्रं तेवढं त्या शुक्रवारपासून दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं.

शेजारच्या गोजरबाईला भारी कौतुक. "उषाबाई, न्हाव्याचा खर्च वाचला की तुमचा! यांची दाढी वाढल्याली म्या कधी बघितलीच न्हाई. आन आमचं ध्यान पाहा, पार पिकून बसलंय. तुमच्या मालकाला वयच लागत न्हाई बघा."

उषाबाई लाजत. त्यांचे स्वतःचे केस कानशिलाशी पांढरे झाले होते.

बारा वर्षं गेली. गोजरबाई लेकाकडे परभणीला गेली आणि तिकडचीच झाली. जयवंताचा बाप जत्रेत भाकणूक सांगता सांगता बसल्या जागी गेला. दिरांनी तिचा नाद सोडला. ती हैद्राबादला शिकून नर्स झाली आणि अठ्ठेचाळीस साल सरता सरता, निजामाचं राज्य गेल्यावर, पहिल्यांदा जालन्याला आली. मोंढ्याच्या रस्त्यावर तिनं उषाबाईंना ओळखलं. वाकून नमस्कार केला. त्यांच्या कपाळावरचं कुंकू पाहून तिचे डोळे भरले.

"बाई, माफी मागायची राह्यली व्हती. त्या दिशी जाताना आडाचा दोर म्याच विळ्यानं अर्धा कापून ठेवल्ता. वाटूरचे पाहुणे इथंच मोंढ्यात भेटल्ते, सकाळी उषाकडं जायचंय म्हणाले. तुम्ही बाबाला हसल्या, त्याचा राग आल्ता मला."

"अगं लबाडे!" उषाबाई खळखळून हसल्या. "आणि आमच्या रामरावांचं गं?"

जयवंताची मान खाली गेली.

"ते पत्रासाठी खोटं लिहिलं, बाई. फोटो बघितला तवाच वळखलं म्या. तुम्ही वाट बघत बसलेल्या, कसं सांगावं? तुमच्याकडं शिकाया यायच्या दोन वर्षं आधी वडीगोद्रीच्या रस्त्याला आमची मेंढरं बसल्ती. पटकीनं पडलेला वाटसरू, गावचं कुणी शिवंना. पाणी पाणी करत गेला. बाबानं आन म्या सरण रचलं. अंगावर घालायला काही नव्हतं, मंग माझी घोंगडी घातली. कोपरा म्याच लाल दोऱ्यानं शिवल्ता. घोंगडीसकट जळताना बघितलं म्या."

 उषाबाईंच्या हातातली बाजाराची पिशवी तिथंच रस्त्यात राहिली. त्या चालत घरी आल्या.

ओसरीवर रामराव बसले होते.

"उशीर केलास," ते म्हणाले. "गारठलीस बघ." आणि लाल दोऱ्याचा कोपरा उचलून त्यांनी घोंगडीत उषाबाईंना जागा करून दिली.