चुलीमागे चार घागरी

धाकट्या निवृत्तीचं लग्न झालं त्या साली, चैत्र सरता सरता, मनकर्णाबाईच्या घरात एका चुलीच्या तीन झाल्या. भांडण झालं नव्हतं. पाणी कमी पडत होतं.

गावाला पिण्याच्या पाण्याची विहीर एकच. ती खोदली तेव्हा गाव दोनशे माणसांचं होतं. त्या सालच्या शिरगणतीत सातशे भरलं. नव्या विहिरीचा अर्ज नागपूरच्या वाटेवर होता. तोवर पंचांनी ठरवलं, पाऊस येईपर्यंत चुलीमागे रोज चार घागरी. विहिरीवर शेषरावाला बसवलं. तो यादी पाहून घागरी मोजून देई आणि दिवसभर बायांच्या शिव्या खाई.

मनकर्णाबाईच्या घरात चौदा माणसं. मधली सून बाळंत होऊन आठ दिवस झालेले. चार घागरींत भागणार कसं? म्हातारीने तिन्ही लेकांना समोर बसवलं आणि भांडण शिकवलं. कोणी कोणाला काय बोलायचं, ताट कोणी आपटायचं, कोणत्या सुनेने रडायचं. सुना तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

पण अशी अक्कल चालवणारी ती एकटी नव्हती. पंधरा दिवसांत बासष्ट चुलींच्या एकशे नऊ झाल्या. शेषराव पंचांवर ओरडला, "गावात पोर जन्मलं एक, अन् चुली वाढल्या सत्तेचाळीस! विहीर काय माह्या बापानं रोज नवी खोदून ठेवली?" दुसऱ्या दिवशी ऐन स्वयंपाकाच्या वेळी तो घरोघर चुली तपासत निघाला.

मनकर्णाबाईच्या अंगणात तीन चुली धगधगत होत्या. तिघे भाऊ शिकवल्याप्रमाणे एकमेकांवर तुटून पडले होते.

"बस करा बे!" शेषरावाने कपाळावर हात मारला. "परवापर्यंत एका ताटात जेवत होते ना तुम्ही? बरं, माय कोणाच्या चुलीवर जेवते?"

हे कोणाला शिकवलेलं नव्हतं. थोरला भगवान म्हणाला, "निवृत्तीकडं." त्याच दमात निवृत्ती म्हणाला, "दादाकडं." मधला चुलीत फुंकर घालायला वाकला.

"सापडले!" शेषराव म्हणाला.

म्हातारीने लगेच सावरून घेतलं. "मले कोणाचंच नको, शेषरावभाऊ. माही चूल येगळी लिवा."

"चौथी?"

"हाव, चौथी. मागच्या छपरीत तीन दगडं मांडते."

शेषरावाच्या अंगात वाद घालायचं बळ उरलं नव्हतं. अजून चाळीस घरं बाकी होती. त्याने लिहून घेतलं आणि बजावलं, "रोज पेटलेली दिसली पाह्यजे. नाही त घागरी बंद."

त्या दिवशी घरात सोळा घागरी आल्या. बाळंतिणीला भरपूर पाण्याने न्हाऊ घातलं. म्हातारीच्या हुशारीवर सगळं घर हसलं. ती स्वतःही हसली.

आषाढात विहीर भरली. शेषरावाने यादी फाडली. गावातल्या खोट्या चुली एकेक करून मोडल्या. मनकर्णाबाईच्या घरातल्या चारही पेटत राहिल्या. आपल्या पोरांच्या ताटात किती तूप पडतं, ते थोरलीला आता दिसत होतं. मधलीला दुसऱ्यांची भांडी घासावी लागत नव्हती. नवीला सासूला विचारून पीठ काढावं लागत नव्हतं. सुगी झाली तेव्हा ज्वारीच्या कणग्याही वेगळ्या झाल्या.

कार्तिकात साखरखेर्ड्याच्या बाजारातून परतताना शेषराव मागच्या वाटेने आला. म्हातारी छपरीत एकटी भाकर थापत होती. तो चिडलाच.

"वहिनी, विहिरीत हात घालून पाणी घ्यावं इतकं पाणी हाय. आता काऊन हे सोंग? पोराइले सांगा, मोडा म्हना चुली."

"सांगतलं ना." तिने भाकर उलटली. "भांडण मीच शिकवलं, भाऊ. पोरं हुशार निंगाले."

मनकर्णाबाई त्याच साली पौष वद्य पंचमीला वारली. घरात षष्ठीला कळलं.