छातीचा अंदाज

काकांना जुना दमा. पाऊस यायचा असला की आधी त्यांची छाती वाजायची. "हवा दमट झाली की बुरशीचे बारीक कण उडतात, ते यांना बाधतात," असं डॉक्टर म्हणायचे. पण शेजारपाजाराला कारणाशी काय देणंघेणं! ओले कपडे हातात घेऊन जो तो आपल्या गॅलरीतून ओरडायचा, "काका, घालू का वाळत?" आणि काका ऐटीत लांब श्वास ओढून निकाल द्यायचे.

यंदा नवा पंप लागू पडला, छाती वाजायची थांबली आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. पण त्याच आठवड्यात अख्ख्या इमारतीच्या चादरी भिजल्या. काकांना कुणी विचारेनासं झालं, तसे ते तोंड पाडून बसले.

आज सकाळी गॅलरीतून तीच जुनी घरघर ऐकू आली. पंप घेऊन काकू धावल्या, तर काका एका हातातल्या फोनवर हवामानाचा अंदाज वाचत होते आणि दुसरा हात छातीवर ठेवून तोंडाने घरघर काढत होते.

काकूंनी पंप गुपचूप मागे लपवला. "अहो, जरा जोरात! वरच्या मजल्यावर जात नाहीये आवाज."