कानपिळी

रीतीप्रमाणे नवरीचा भाऊ नवरदेवाचा उजवा कान पिळायला वाकला, तशा नवरदेवाच्या आई प्रमिलाबाई किंचाळल्या, “डावा पिळ रे बाबा! उजव्यातली तार सुटेल!”

मांडवातल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. बहिऱ्या मुलाला ऐकू यावं म्हणून कानात तार बसवायचं केलेलं ऑपरेशन त्यांनी लग्न मोडेल म्हणून लपवलं होतं. कानामागचं मशीन झाकायला साखरपुड्यातही फेटा बांधायला लावला होता. आणि आता स्वतःच बोंब ठोकली.

नवरी शांतपणे म्हणाली, “दादा, पिळ बिनधास्त. डॉक्टरांनी हाडात खाच कोरून तार पक्की बसवलीय. यांनी पहिल्याच भेटीत सांगितलंय मला.”

भावाने हात मागे घेतला. “म्हणजे जावईबापूंनी काहीच लपवलं नाही. मग कान पिळायचा कुणाचा?”

प्रमिलाबाईंनी पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून घेतला.