भंगाराची गाडी

"माझं आयुष्य संपलं. मला भंगारात न्यायला गाडी निघाली आहे," वॉशिंग मशीन खडखडत म्हणालं.

"झालं, आता नवीन घेऊ," दिनकर म्हणाला. यंत्रांनी दिलेला निकाल हल्ली कुणी तपासून बघत नसे.

हेमलता मात्र इरेला पेटली. तिने मशीन बंद करून खालचं फिल्टरचं झाकण उघडलं, बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि आत उकरून उकरून ब्लाउजचा एक हुक बाहेर ओढला. मशीन पुन्हा सुरू केलं, तर खडखड गायब.

तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला.

"परत जा. मी ठणठणीत आहे," मशीननेच गाडीला सुनावलं.

मग स्वयंपाकघरातून फ्रिजचा दबका आवाज आला, "वहिनी, उद्या माझ्यासाठी गाडी यायची आहे. जरा बघता का?"