नियमाने आलेल्या मुली

"त्यांना घरी पाठव, आई," न्हाणीघराच्या बंद दारामागून अल्बर्टे म्हणाली. "सगळ्यांना. आत्ताच्या आत्ता."

हेलेने पुन्हा दार ठोठावलं. "अगं, वर्गातली एकूण एक मुलगी आली आहे. कुणीच टाळलं नाही."

"नियम आहे म्हणून आल्यात! एरवी माझ्याशेजारी एक तरी बसते का?"

नियम पालकसभेचा होता. वाढदिवसाला वर्गातल्या सगळ्या मुलींना बोलवायचं, नाहीतर कुणालाच नाही. कुणी एकटं पडू नये म्हणून. डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या त्या शाळेत तो मंजूर झाला तेव्हा हेलेनेही हात वर केला होता. आज तिची लेक दहा वर्षांची झाली होती आणि पाहुण्या दारात दिसताच आत कोंडून घेऊन रडत होती.

बाहेर टेबलावर लाल-पांढरे झेंडे होते आणि मधोमध बाईच्या आकाराचा केक. त्या बाईचा गळा वाढदिवसाच्या मुलीनेच कापायचा, बाकीच्यांनी किंचाळायचं, ही रीत. त्यामुळे सगळंच अडून बसलं होतं.

"हेले, गळा कधी कापायचा?" एकीने तिथल्या पद्धतीप्रमाणे अल्बर्टेच्या आईला नावानेच हाक दिली. "अशानं ही बाई म्हातारी होऊनच मरेल!"

मुली खिदळल्या. आतला हुंदका वाढला.

हेलेने दाराला कपाळ टेकलं. काय सांगून यांना परत पाठवायचं? आणि सोमवारी अल्बर्टेने शाळेत जायचं कसं? "राणी, दार तोडू का गं मी?" ती रडवेली होऊन म्हणाली.

तेवढ्यात रिक्के आली. ही वर्गाची म्होरकी. ती जशी वेणी घालायची, तशी दुसऱ्या दिवशी सगळ्या घालायच्या.

"हेले, तू जरा सरक," ती म्हणाली आणि दाराशी खालीच बसली. "अल्बर्टे, माझ्या वाढदिवसाला तू आली होतीस. नियम म्हणून?"

हुंदका थांबला.

"खरं सांग."

"हो."

"आणि नियम नसता तर?"

"नसते आले," अल्बर्टे म्हणाली. "तुझी भीती वाटते. सगळ्यांनाच वाटते."

रिक्केने एकदा टेबलाभोवतीच्या मुलींकडे पाहिलं. एकीनेही 'नाही गं' म्हटलं नाही.

कडी सरकली. दार वीतभर उघडलं, रिक्के आत गेली आणि कडी पुन्हा लागली.

हेलेने दाराला कान लावला. आता आत जी रडत होती, ती अल्बर्टे नव्हती.